त्या बॉम्बचं पुढं काय झालं भाऊ?

*वेब सिरीज अर्ध्यात बंद पडली की आपण चिडतो, स्टेटस टाकतो, चार शिव्या घालतो आणि दुसरी सिरीज लावतो. पण आपली ही चिडचिड पोहोचते कुठे? आणि पुढच्या सिरीजचा गळा आपणच तर दाबत नाही ना?*

रात्रीचे साडेनऊ. अभ्यासिका बंद व्हायला अजून वेळ होता, पण चहाची तलफ आली म्हणून आम्ही पाच जण खाली उतरलो. गाव मालेगाव. वाशिम जिल्ह्यातलं, नाशिकवालं नाही. बाहेर शिकायला गेलेल्या आमच्याकडच्या प्रत्येक पोराला हे वाक्य शंभरदा तरी म्हणावं लागतं.

चहा येईपर्यंत नेहमीप्रमाणे चालू घडामोडींचे प्रश्न एकमेकांना विचारणं सुरू होतं. तेवढ्यात आमच्यातला सगळ्यात लहान पोट्टा मधेच म्हणाला, "अबे, थे सगळं जाऊ द्या. सेक्रेड गेम्समधला थो बॉम्ब फुटला का नाही मंग?"

बाकीचे चौघं जोरात हसलो. त्यानं ती सिरीज दोन दिवसांपूर्वी संपवली होती. आम्ही २०१९ मध्येच पाहिली होती. म्हणजे आम्ही त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्याच प्रश्नाला लटकलेलो होतो.

"पुढचा सीझन कुठी हाय?" त्यानं विचारलं.

"नाही हाय."

"मंग कवा येणार?"

"येतच नाही बावा थो."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन सीझनचे मिळून सोळा भाग. एक भाग पाऊण तासाचा धरला तरी बारा तास झाले. स्पर्धा परीक्षेच्या पोरासाठी बारा तास म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पंचवीस दिवस कधी संपलेच नाहीत

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'सेक्रेड गेम्स' ही नेटफ्लिक्सची भारतातली पहिली मोठी मालिका. विक्रम चंद्रा यांच्या २००६ च्या कादंबरीवर बेतलेली. पहिला सीझन ६ जुलै २०१८ ला आला, दुसरा १५ ऑगस्ट २०१९ ला. गणेश गायतोंडे नावाचा गुंड सरताज सिंग या इन्स्पेक्टरला फोन करतो आणि सांगतो, पंचवीस दिवसांत आपलं शहर वाचव. तिथून सुरू झालेली धावपळ दुसऱ्या सीझनच्या शेवटी बॉम्बसमोर येऊन थांबते. सरताज बॉम्ब निकामी करायला धडपडतोय, आपण श्वास रोखून बसलोय, आणि सिरीज संपते. मुंबई वाचली की नाही, हे सरळ सांगितलंच जात नाही.

मराठी पोरांना ही सिरीज जास्तच जवळची वाटली. जितेंद्र जोशीनं उभा केलेला काटेकर हवालदार आमच्या ओळखीच्या कुठल्याही पोलिसकाकांसारखा होता. नेहा शितोळेनं केलेली त्याची बायको, शालिनी, आठवा. राजश्री देशपांडे, गिरीश कुलकर्णी, सगळी आपली माणसं. त्यामुळे शेवट अधांतरी राहिला तेव्हा राग आला तोही घरच्यासारखाच.

ही एकटीच सिरीज अशी नाही. २०१९ मध्येच नेटफ्लिक्सवर 'लैला' आली, हुमा कुरेशीची. तीही ऐन मोक्याच्या क्षणी थांबली आणि दुसरा सीझन आलाच नाही. गोव्यात घडणारी सुजॉय घोषची 'टाइपरायटर' पुढच्या सीझनची चाहूल देऊन गेली, ती गेलीच. जानेवारी २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर 'तांडव' आली. तिच्याविरुद्ध अनेक राज्यांत तक्रारी झाल्या, निर्मात्यांनी माफी मागून काही दृश्यं काढली, आणि पुढची गोष्ट कधी आली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओटीटीसाठी केंद्र सरकारचे नवे नियमही आले. म्हणजे कुठे पैशांचं गणित, कुठे वाद, कुठे कादंबरीच संपलेली. कारणं वेगवेगळी, पण बघणाऱ्याच्या हाती उरतं ते एकच. अर्धी गोष्ट.

एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

हा प्रश्न घरचे विचारतात. "सिनेमाच त होता, झालं." पण तसं नसतं ना.

सिनेमा अडीच तासांत संपतो. सिरीजची माणसं आपल्यासोबत आठवडेच्या आठवडे राहतात. आपण त्यांच्यासाठी झोप मोडतो. पुढं काय होईल यावर मित्रांशी पैज लावतो. गोष्ट सांगणाऱ्यानं "ऐक, एक गंमत सांगतो" म्हणून बसवायचं आणि रंगात आल्यावर उठून जायचं, हे आपल्याकडे कुणी खपवून घेतं का? आजीनं गोष्ट सांगताना मधेच डुलकी घेतली तर नातू तिला हलवून उठवतो. "आजी, मग राक्षसाचं काय झालं?" हक्कानं उठवतो. इथं उठवायला समोर कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा आमच्या आतली आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना अर्धवट राहिलेल्या गोष्टींची सवय असते. जाहिरात येते, आपण अर्ज भरतो, फी भरतो. मग परीक्षा पुढे जाते. परीक्षा झाली तर निकाल अडकतो. निकाल लागला तर नियुक्ती अडकते. सोयाबीन घरात येतं, भाव येत नाही. दिवसभर हे सगळं डोक्यात घेऊन रात्री अकराला मोबाइल हातात घेतला की वाटतं, निदान ही एक गोष्ट तरी सुरू झाली तशी संपेल. तीसुद्धा जेव्हा मधेच सोडून जाते, तेव्हा येणारा राग फक्त त्या सिरीजवरचा नसतो.

शेंगदाणे, उपोषण आणि सही मोहीम

जगभरातल्या चाहत्यांनी या रागाचं काय काय केलं, ते वाचलं तर हसूही येतं आणि कौतुकही वाटतं.

ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये 'स्टार ट्रेक' बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा प्रेक्षकांनी एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. २००७ मध्ये सीबीएस वाहिनीनं 'जेरिको' बंद केली. तिच्या शेवटच्या भागातल्या एका शब्दावरून चाहत्यांना युक्ती सुचली आणि त्यांनी वाहिनीच्या ऑफिसात शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. थोडेथोडके नाही, वीस टनांहून जास्त! वाहिनीनं हात टेकले आणि आणखी सात भाग बनवले. पुढे मालिका पुन्हा बंद झाली, पण या वेळी निर्मात्यांनी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते. एक पुढं नेणारा, एक संपवणारा. संपवणारा दाखवला गेला. प्रेक्षकांना गोष्ट पुरी मिळाली.

२०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं 'द ओए' दोन सीझननंतर थांबवली, तेव्हा चाहते लॉस एंजेलिसमध्ये कंपनीच्या इमारतीबाहेर जमले. एक चाहती तर उपोषणाला बसली. उपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तहसील कार्यालयासमोरचा मंडप येतो. तिथं मागणी होती एका सिरीजची. ती मान्य झाली नाही.

'सेन्स एट'ची गोष्ट वेगळी. जगातल्या आठ शहरांतली आठ अनोळखी माणसं मनानं एकमेकांशी जोडलेली, त्यातली एक मुंबईची, गणपतीवर श्रद्धा असलेली कला. १ जून २०१७ ला ती रद्द झाल्याचं जाहीर झालं. जगभरातून ओरड झाली. महिनाही पुरा व्हायच्या आत घोषणा झाली की दोन तासांहून मोठा एक शेवटचा भाग बनवला जाईल. तो ८ जून २०१८ ला आला.

आणि '१८९९'? नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. समुद्रातल्या जहाजाची गूढ गोष्ट. तीन सीझनचा आराखडा होता. पहिल्या सीझनचा शेवट पाहून लोक चक्रावले, आणि २ जानेवारी २०२३ ला ती रद्द झाल्याचं जाहीर झालं. जेमतेम दीड महिन्यात! सह्यांच्या मोहिमा झाल्या, काही उपयोग झाला नाही. गंमत म्हणजे याच मंडळींची 'डार्क' त्याच नेटफ्लिक्सवर तीन सीझनमध्ये व्यवस्थित पूर्ण झाली होती.

आता या यादीकडे जरा थंड डोक्यानं पाहा. जिथं काही तरी मिळालं, तिथं बहुतेक वेळा मिळाला तो शेवट. सात भाग किंवा एक मोठा भाग. कंपनीला पूर्ण नवा सीझन परवडत नसेल, पण निरोपाचा एक भाग परवडू शकतो. "आम्हाला आणखी हवं" यापेक्षा "आम्हाला शेवट द्या" ही मागणी मान्य व्हायला सोपी आहे. ती जास्त न्यायाचीही आहे.

मालेगावचं मत मोजलं जातं का?

मग कंपन्या ठरवतात कशावर? २०१९ मध्ये ब्रिटनच्या संसदेच्या एका समितीला लिहिलेल्या पत्रात नेटफ्लिक्सनं आपली मोजपट्टी सांगितली होती. ज्यानं दोन मिनिटं पाहिलं तो 'सुरू करणारा'. ज्यानं एखाद्या भागाचा ७० टक्के भाग पाहिला तो 'पाहणारा'. आणि ज्यानं सीझनचा ९० टक्के भाग पाहिला तो 'पूर्ण करणारा'. पहिले सात दिवस आणि पहिले अठ्ठावीस दिवस यांना विशेष महत्त्व. किती जणांनी सुरू केलं, किती जणांनी पूर्ण केलं आणि त्यासाठी खर्च किती आला, हे गणित बसलं तर पुढचा सीझन. कंपनीचे सहप्रमुख टेड सरँडोस जानेवारी २०२३ मध्ये म्हणाले होते की आम्ही यशस्वी झालेली सिरीज कधीच बंद केलेली नाही. चाहते भडकले. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ हिशेबाचा होता. थोड्या प्रेक्षकांसाठी मोठा खर्च परवडत नाही.

आता या मोजपट्टीवर आमच्या चहाच्या टपरीवरचे पाच जण ठेवून पाहा.

पाच जणांत अकाउंट एक. १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन, डिसेंबर २०२१ पर्यंत तो १९९ ला होता. एका खाटेवर मोबाइल उभा करून तिघं बघतात, मोजला जातो एक. दुसऱ्याच्या पासवर्डवर बघायची सोय होती, ती जुलै २०२३ मध्ये भारतात बंद झाली. मग काही जण टेलिग्रामवर उतरवून घेतात. ते तर हिशेबातच नाहीत. काही जण 'पूर्ण कथा वीस मिनिटांत' सांगणारा व्हिडिओ बघतात आणि सिरीज पाहिल्याच्या थाटात चर्चा करतात. आणि उरलेले, आमच्या त्या पोट्ट्यासारखे, सिरीज आल्यावर कितीतरी वर्षांनी बघतात. त्याचा राग शंभर टक्के खरा आहे. पण त्याचं बघणं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत नव्हतं.

म्हणजे राग आमचा, आकडा दुसऱ्यांचा. तालुक्याच्या गावातला प्रेक्षक मोजणीत आधीच अंधुक दिसतो, त्यात आपण आपल्या सवयींनी स्वतःला आणखी पुसून टाकतो.

"पूर्ण झाल्यावर बघू"

खरी गोची पुढं आहे. दोन-तीनदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चहा पिता पिता आमच्यातल्या एकानं जाहीर केलं, "म्या त ठरवलंय. सगळे सीझन आले, शेवट झाला असं कळलं, का मगच पहिला भाग लावायचा."

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण हाच विचार हजारो-लाखो लोकांनी केला तर? पहिल्या महिन्यात सिरीज बघणारे कमी होतात. आकडा पडतो. कंपनी म्हणते, लोकांना आवडली नाही, बंद करा. सिरीज अर्ध्यात बंद पडते. आणि वाट बघणारा म्हणतो, "बघा, मी म्हटलं होतं ना!"

कंपनीनं विश्वास मोडला म्हणून प्रेक्षक थांबतो. प्रेक्षक थांबला म्हणून कंपनी आणखी एक सिरीज मोडते. या चक्रात सगळ्यात आधी कोण चिरडलं जातं? ज्या सिरीजला वेळ लागतो, जी हळूहळू तोंडोतोंडी पसरते, जिचा प्रेक्षक मुळातच कमी आहे, ती. अनेक मराठी सिरीज नेमक्या याच खान्यात बसतात. हिंदीला सगळा देश प्रेक्षक असतो. मराठी सिरीजला पहिल्याच महिन्यात मराठी माणसानं पाठ दाखवली, तर तिला दुसरं कोण वाली आहे?

आजीची मालिका संपत नव्हती

आमच्या आजीची तक्रार याच्या बरोब्बर उलटी होती. तिच्या मालिका संपतच नसत. 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांहून अधिक भाग झाले, २००१ ते २०१३! नावात चार दिवस आणि चालली अकरा वर्षं. तिथं टीआरपी होता म्हणून गोष्ट ताणली गेली. इथं आकडा नाही म्हणून गोष्ट तोडली जाते. दोन्हीकडे गोष्टीला स्वतःच्या वेळी संपायची मुभा नाही.

गोष्टी अर्ध्या राहणं मराठी वाचकाला नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं यायच्या. म्हणजे पुढच्या भागाची वाट बघणं ही आपली शंभर वर्षांहून जुनी खोड आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला आपल्या विदर्भातल्या सावनेरला गेले, आणि 'राजसंन्यास' हे त्यांचं नाटक अपुरं राहिलं. पण लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कारण लेखकाचा हात मृत्यूनं थांबवला होता. हिशेबाच्या तक्त्यानं थांबवलेल्या गोष्टीला लोक अशी माफी देत नाहीत.

आणि आपल्याकडे एक चांगलं उदाहरणही आहे. 'समांतर'. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर एमएक्स प्लेअरवर आली. स्वप्निल जोशीचा कुमार महाजन, नितीश भारद्वाजांचा सुदर्शन चक्रपाणी. पहिला सीझन बरोबर उत्कंठेच्या टोकावर थांबला. घरात कोंडलेला प्रेक्षक कासावीस. पण या गोष्टीमागे सुहास शिरवळकरांची कादंबरी होती. ज्यांना दम निघत नव्हता, त्यांना कादंबरीचा रस्ता मोकळा होता. जुलै २०२१ मध्ये दुसरा सीझन आला आणि गोष्ट पुढं गेली. 'सेक्रेड गेम्स'लाही तशीच कादंबरी आहे, तिला शेवटही आहे. काय आहे ते सांगत नाही. जाडजूड पुस्तक आहे, हिंमत असेल त्यानं वाचावं.

मग करायचं काय?

उपदेश देण्याइतके आम्ही मोठे नाही. पण टपरीवर दुसरा चहा मागवेपर्यंत आमच्यात तीन गोष्टींवर एकमत झालं.

एक, जी सिरीज मनापासून आवडली, ती पहिल्या महिन्यात आणि रीतसर बघायची. सगळ्या नाही, एखादीच. पण ती शेवटच्या भागापर्यंत. दोन मिनिटं बघून सोडलेल्या दहा सिरीजपेक्षा पूर्ण पाहिलेली एक सिरीज जास्त बोलते.

दोन, मागणी करायची तर नेमकी करायची. शिव्या कुणी मोजत नाही. "एक शेवटचा भाग द्या" हे सांगता येतं, आणि ते मिळालेलं आहे, हे वर पाहिलंच.

तीन, लिहिणाऱ्यांना विनंती. आमच्या वयाची कितीतरी पोरं आता स्वतःच मोबाइलवर शूट करून यूट्यूबला सिरीज टाकतात. त्यांना तर खास. उत्कंठा ठेवा, पण हातातल्या सीझनचा मुख्य प्रश्न त्याच सीझनमध्ये सोडवा. उद्या पुढचा भाग निघाला नाही, तरी आजचा प्रेक्षक उपाशी उठू नये. पंगतीला बसवलेल्या माणसाला निदान वरण-भात तरी वाढायचा, ही आपली रीत आहे.

आणि कंपन्यांनी? सिरीज सुरू होताना धूम्रपानाची सूचना येते, वयाची सूचना येते. जी गोष्ट अर्ध्यात थांबवली आहे, तिच्या नावाखाली एक ओळ टाकायला काय हरकत आहे? 'ही कथा अपूर्ण आहे.' मग ज्याला बघायचं तो डोळे उघडे ठेवून बघेल. ग्राहकाला एवढं सांगणं काही फार नाही.

चहाचे पैसे देऊन आम्ही वर निघालो. तो पोट्टा पायऱ्यांवर थांबला. "पण मले सांगा, तुमाले काय वाटते? फुटला का वाचली मुंबई?"

एक म्हणाला फुटला. दोघं म्हणाले वाचली. चौथा म्हणाला, सरताजनं काटेकरसाठी तरी वाचवलीच असेल. त्यावर कुणी काही बोललं नाही.

अभ्यासिकेचा दिवा अजून चालू होता. पुस्तक उघडलं, पण ध्यान लागेना. शेवटी त्या पोट्ट्यानं चिठ्ठी सरकवली. "कादंबरी कोनाजवळ हाय का?"